कामावर भांडण झालं आणि काढून टाकलं: मुंबईत पुढचे नव्वद दिवस कसे वापरायचे

आधीच सांगतो, मी वकील नाही. मरोळ एमआयडीसीत एका युनिटला डिस्पॅचला अकरा वर्षं होतो. टेम्पो भरण्यावरून सुपरवायझरशी वाजलं, त्याने कॉलर धरली, मी हात झटकला, त्याचा चष्मा खाली पडून फुटला. दोन मिनिटं पण लागली नसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरचा वॉचमन, जो रोज माझ्याकडून तंबाखू घ्यायचा, तो म्हणाला, "भाऊ, तुम्हाला आत सोडू नको म्हटलंय." पुढे दोन वर्षं कोर्टाच्या तारखा केल्या आणि त्यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. भांडणात कोण खरं होतं हे विचारणारे चार दिवसांत गप्प होतात, नंतर सगळं कागदावर कुठला शब्द लिहिलाय त्यावर चालतं. "बाचाबाची" लिहिलंय की "मारहाण"? त्या एका शब्दावर नोकरी, बोनस, ग्रॅच्युइटी, पुढच्या कंपनीतलं व्हेरिफिकेशन, सगळं लटकलेलं असतं. म्हणून खाली जे लिहितोय ते बहुतेक कागदाबद्दलच आहे.

गेटवरून परत पाठवलं तर

बहुतेक जण इथेच मार खातात, मी पण जवळजवळ खाल्लाच होता. गेटवर अडवलं की माणूस रागाने किंवा लाजेने घरी येऊन बसतो, बोलावतील म्हणून वाट बघतो, आणि महिन्याभराने कंपनीचं पत्र येतं की तुम्ही अमुक तारखेपासून न कळवता गैरहजर आहात, स्वतःहून काम सोडलंत. काढलं कोणी? कोणीच नाही, तुम्हीच गेलात. हा डाव फार जुना आहे.

त्यामुळे त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, एचआरला आणि मालकाला ईमेल टाका. इंग्रजी येत नसेल तर मराठीत टाका, चालतं. मजकूर एवढाच: आज अमुक तारखेला इतक्या वाजता ड्युटीवर आलो, गेटवर अमुकने आत सोडलं नाही, कारण लेखी दिलं नाही, मी कामावर यायला तयार आहे. दुसऱ्या दिवशी परत जा, परत अडवलं की परत ईमेल. शिवाय हेच पत्र पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पूर्वी आपण आरपीएडी म्हणायचो, म्हणजे पोहोच पावतीसकट रजिस्टर्ड पोस्ट, २०२५ मध्ये पोस्टाने ते स्पीड पोस्टमध्ये विलीन केलंय, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टच मागा, रजिस्ट्रेशनसकट. आणि कंपनीकडून आलेलं पाकीट कधी परत पाठवू नका. "घेण्यास नकार" असा शेरा पडला की कोर्ट ते तुम्हाला मिळालंच असं धरतं, आणि आत काय होतं ते फक्त तुम्हालाच माहीत नसतं.

केबिनमधला राजीनामा

दुसरा डाव. एसी केबिन, पाण्याचा ग्लास, समोर एचआर आणि कधीकधी एक लेबर कन्सल्टंट, आणि आवाज एकदम मायेचा: "बघा, टर्मिनेट केलं तर पुढे कुठे नोकरी मिळणार नाही, पोलीस केस होईल, त्यापेक्षा राजीनामा द्या, फुल अँड फायनल आजच करतो." सही करू नका. राजीनामा दिला म्हणजे तुम्हाला काढलंच नाही असं होतं, आणि मग भांडायचं कशावर? घरी विचारून सांगतो म्हणा, पोटात दुखतंय म्हणा, पण उठा तिथून.

आणि सही झालीच असेल तर रडत बसू नका, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ईमेल करा की अमुक केबिनमध्ये अमुक लोकांसमोर दबाव टाकून सही घेतली, मला राजीनामा द्यायचा नाही, मी तो मागे घेतोय. सहा महिन्यांनी "जबरदस्तीने घेतला" म्हणालात तर कोर्ट पहिला प्रश्न हाच विचारणार की सहा महिने गप्प का होतात.

कोऱ्या कागदावर किंवा छापील "माफीनाम्या"वर सही हा याचाच धाकटा भाऊ. "माझ्या हातून मारहाण झाली, पुन्हा होणार नाही" असं लिहून द्या, प्रकरण मिटवतो, असं सांगतात. तो कागद नंतर चौकशीत कबुलीजबाब म्हणून फाइलला लागतो. मी स्वतः असा एक कागद लिहून दिला होता, फक्त नशिबाने मी त्यात "दोघांमध्ये बाचाबाची झाली" असं लिहिलं होतं. पुढे त्याच ओळीने मला वाचवलं.

लागलं असेल तर आधी हॉस्पिटल, मग चौकी

मार बसला असेल, अगदी साधं खरचटलं असेल तरी जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलात जा, केईएम, सायन, कूपर, राजावाडी, जे जवळ असेल ते, आणि कॅज्युअल्टीत सांगा की कामाच्या ठिकाणी मारहाण झाली. मग ते एमएलसी करतात, म्हणजे पोलीस नोंदीसकट केसपेपर. खाजगी डॉक्टरची "बँडेज केलं" एवढीच चिठ्ठी त्यापुढे फिकी पडते.

साध्या मारहाणीला भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२) लागतं, जुन्या भाषेत ३२३. ते अदखलपात्र आहे, म्हणून पोलीस एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेतात आणि सोडून देतात. एनसीने कोणाला अटक होत नाही हे खरंय, पण तारीख-वेळेची सरकारी नोंद होते आणि आपल्याला तेच हवंय. समोरच्याने आधी एनसी टाकली असेल तर तुमची पण टाका, उशीर करू नका. स्वतःला वाचवायला हात उचलला असेल तर ते नीट सांगा, स्वसंरक्षणाचा हक्क याच संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. जातीवाचक शिवीगाळ झाली असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचं प्रकरण वेगळं आणि दखलपात्र आहे, आणि भांडणाच्या मुळाशी लैंगिक छळ असेल तर ३ महिन्यांच्या आत कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार, ही मुदत घट्ट धरून ठेवा.

एक गैरसमज फार आहे, की क्रिमिनल केसमध्ये सुटलो की नोकरी आपोआप परत. तसं नसतं. फौजदारी कोर्टाला संशयापलीकडचा पुरावा लागतो, कंपनीच्या चौकशीत "हे झालं असावं" इतकं पटलं तरी पुरतं. मदत होते, हमी नाही.

सीसीटीव्ही

आता जरा थांबून वाचा. फुटेज डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंग मशीनमध्ये, काही आठवडेच राहतं, मग त्यावर नवीन रेकॉर्ड होत जातं. म्हणून पहिल्याच आठवड्यात लेखी मागा: अमुक तारीख, इतके ते इतके वाजता, लोडिंग बेच्या कॅमेऱ्याचं फुटेज जपून ठेवा आणि मला कॉपी द्या. वेळ जरा सैल सांगा, आधीची पंधरा मिनिटं पण मागा, कारण कंपनी नेमकं तुमचा हात वर गेलेला तेवढा तुकडा दाखवते आणि त्याआधीची कॉलर गायब असते. माझ्या केसमध्ये तसंच झालं, तेवीस सेकंदांची क्लिप. माझ्या वकिलाने ईमेल दाखवून विचारलं की याने सहाव्या दिवशी पूर्ण फुटेज मागितलं होतं, ते कुठाय? समोरच्यांकडे उत्तर नव्हतं.

तुमच्या मोबाइलमधले व्हॉट्सॲप मेसेज, कॉल रेकॉर्डिंग डिलीट करू नका, फोन बदलू नका. असल्या डिजिटल पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लावायला वकील सांगेल, मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं. पगाराच्या स्लिपा, ओळखपत्र, अपॉइंटमेंट लेटर, चांगल्या कामाबद्दल कधी काही मिळालं असेल तर ते, सगळ्याचे फोटो काढून घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा.

साक्षीदार? सहकारी चहाच्या टपरीवर सगळं बोलतात आणि साक्षीला कोणी येत नाही, त्यांना पण ईएमआय आहेत. राग धरू नका.

चार्जशीट आणि चौकशी

नीट चालणारी कंपनी असेल तर आधी सस्पेन्शन, मग चार्जशीट (कंपनीचं आरोपपत्र), तुमचं उत्तर, चौकशी अधिकारी, साक्षी, उलटतपासणी, रिपोर्ट, रिपोर्टची कॉपी देऊन शिक्षेबद्दल तुमचं म्हणणं आणि मग ऑर्डर, असा क्रम असतो. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय आणि त्यात स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे नोकरीच्या अटींचे आणि शिस्तीचे लेखी नियम, ३०० किंवा जास्त कामगार असतील तिथे आहेत. सस्पेन्शनच्या काळात पहिले ९० दिवस अर्धा पगार निर्वाह भत्ता म्हणून, त्यानंतर चौकशी तुमच्यामुळे रखडलेली नसेल तर ७५ टक्के. हा भत्ता दिला नाही म्हणून माणूस चौकशीला येऊच शकला नाही तर पूर्ण चौकशीच रद्द होऊ शकते, सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये भारत गोल्ड माइन्सच्या केसमध्ये तेच केलं. छोट्या कंपनीत असाल तर तुमचं अपॉइंटमेंट लेटर आणि सस्पेन्शन ऑर्डर काय म्हणते ते बघा.

चार्जशीटच्या उत्तरात निबंध लिहू नका. प्रत्येक आरोप मान्य की अमान्य, आणि घटना आपल्या शब्दांत तीन-चार ओळीत. "तो नेहमीच माझ्यावर खार खाऊन असतो" असली वाक्यं टाळा, त्याऐवजी आधी कधी तक्रार केली होती त्याची तारीख टाका. कागदपत्रांची आणि फुटेजची मागणी त्याच उत्तरात परत करा.

चौकशीत वकील मिळेलच असा हक्क नाही, बहुतेक ठिकाणी युनियनचा माणूस किंवा सहकारी घेऊन बसता येतं. पण कंपनीच्या बाजूने कायद्याचा जाणकार बसला असेल तर तुम्हीही वकील मागा, कारण मुंबई पोर्ट ट्रस्टच्याच १९८३ च्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की एका बाजूला कायद्याचे शिकलेले लोक बसवायचे आणि दुसऱ्याला एकटं सोडायचं हे न्यायाला धरून नाही. मागणी लेखी करा, नाकारली तर नाकारलेलं पण लेखी घ्या.

रोजच्या कामकाजाच्या कागदावर सही मागतात. वाचल्याशिवाय नको. तुम्ही मराठीत बोललात आणि कागद इंग्रजीत असेल तर सहीच्या वर मराठीत लिहा, "मला भाषांतर करून सांगितलेलं नाही". चौकशी अधिकारी तोंड वाकडं करतो, करू दे. आणि चौकशीला न जाणं ही सगळ्यात मोठी चूक, मग एकतर्फी होते आणि तुमची बाजू कागदावर येतच नाही.

चौकशी न करताच काढलं तर जिंकलोच असं पण समजू नका. कंपनीला कोर्टात नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करता येतो. फायदा एवढाच की मग ते कोर्टासमोर करावं लागतं, त्यांच्या कॉन्फरन्स रूममध्ये नाही.

कुठे जायचं

इथे खरी गंमत आहे, कारण महाराष्ट्रात आपल्याकडे एक जादा दरवाजा आहे. १९७१ चा राज्याचा कायदा, लांबलचक नावाचा, कोर्टाच्या पॅसेजमध्ये सगळे त्याला नुसतं "यूएलपी" म्हणतात, म्हणजे अनफेअर लेबर प्रॅक्टिसेस. त्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या पहिल्याच नोंदीत लिहिलंय की सूडबुद्धीने काढणं, उघड खोट्या कारणाने काढणं, नैसर्गिक न्याय गुंडाळून घाईघाईत चौकशी उरकणं, आणि किरकोळ गैरवर्तनाला आधीची नोकरी न बघता धक्कादायक मोठी शिक्षा देणं, या अनुचित कामगार प्रथा आहेत. तक्रार थेट लेबर कोर्टात, वांद्रे पूर्वेला. मुदत ९० दिवस. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण ते कारण सिद्ध करण्यात परत सहा महिने जातात, म्हणून नव्वदच धरा. कंपनीच्या ऑर्डरची वाट पण बघायला लागत नाही, नुसती चार्जशीट आली आणि काढणार असं दिसतंय तरी तक्रार करता येते, हिंदुस्तान लिव्हरच्या १९९५ च्या केसमध्ये हे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय. अंतरिम आदेश पण मागता येतो.

दुसरा रस्ता केंद्रीय कायद्याचा. बीकेसीतल्या कामगार भवनात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, तिथे काही झालं नाही तर ४५ दिवसांनी थेट पुढे न्यायाधिकरणात. जुन्या १९४७ च्या कायद्यात काढल्यापासून ३ वर्षांची मुदत होती, नव्या संहितेत २ वर्षं. तुम्हाला कुठल्या तारखेला काढलं ते बघा आणि २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधी की नंतर हे वकिलाला पहिल्यांदा सांगा. दोन्ही रस्ते एकदम चालत नाहीत, यूएलपी कायद्याचं कलम ५९ एकच निवडायला लावतं, म्हणून घाईत कोणाच्या तरी छापील फॉर्मवर सही करून टाकू नका. पण ९० दिवसांच्या आत वकिलासमोर बसलात तर हे दोन्ही दरवाजे उघडे असतात, हे तारखांचं सार.

तुम्ही कोण आहात त्यावर पण आहे. बँक, विमान कंपनी, बंदर वगैरे असाल तर केंद्र सरकारचा विषय, मग सायनला श्रमरक्षा भवन. खाजगी शाळेत असाल तर शाळा न्यायाधिकरण आणि फक्त ३० दिवस, लक्षात ठेवा. कॉन्ट्रॅक्टरमार्फत असाल आणि कंपनी म्हणत असेल हा आमचा माणूसच नाही, तर यूएलपी टिकत नाही, सिप्लाच्या २००१ च्या निकालापासून हे असंच आहे, तुम्हाला दुसऱ्या रस्त्याने जावं लागेल आणि कॉन्ट्रॅक्टर व कंपनी दोघांना पार्टी करावं लागेल.

आणि मॅनेजर असाल तर? लेबर कोर्ट नाही, सिव्हिल कोर्ट, आणि तिथे नोकरी परत मिळत नाही, नोटीसचे पैसे किंवा नुकसानभरपाई मिळते. पण नुसत्या हुद्द्यावर जाऊ नका. "टीम लीडर", "असिस्टंट मॅनेजर" असली कार्डं अंधेरीत चहावाल्याकडे पण सापडतील. कोर्ट बघतं की तुम्ही प्रत्यक्षात काय काम करत होता, रजा मंजूर करायचा, माणूस ठेवायचा-काढायचा अधिकार होता का. हातात स्कॅनर घेऊन बॉक्स मोजत असाल तर तुम्ही कामगार. खरोखर सुपरवायझरचं काम करत असाल तर नव्या संहितेत महिना १८,००० रुपयांच्या वर गेलात की बाहेर.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील आहे. १५१०० वर फोन लावा.

पैसे, आणि तो एक शब्द

केलेल्या कामाचा पगार काढल्यापासून २ कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो, कारण काहीही असो. पीएफ जप्त होत नाही, तुमचा वाटा पण नाही आणि मालकाचा पण नाही. एक्झिट डेट (नोकरी संपल्याची तारीख) टाकत नसतील तर शेवटच्या जमेनंतर २ महिन्यांनी पीएफच्या यूएएन पोर्टलवर स्वतः टाकता येते.

बोनस आणि ग्रॅच्युइटी मात्र वेगळी आहे आणि इथे भांडणाचा थेट संबंध येतो. आवारात दंगा किंवा हिंसक वर्तन केल्याबद्दल बडतर्फ झालात तर बोनस जातो. आणि ग्रॅच्युइटी, दंगेखोर, बेशिस्त वर्तन किंवा हिंसेच्या कृत्यासाठी काढलं असेल तर पूर्ण किंवा काही प्रमाणात जप्त करता येते. आकडा बघा: शेवटचा बेसिक आणि डीए १८,२०० असेल तर त्याला १५ ने गुणून २६ ने भागलं की वर्षाला १०,५०० होतात, अकरा वर्षांचे १,१५,५००. एका शब्दाची किंमत. पण हे आपोआप होत नाही, टर्मिनेशन ऑर्डरमध्ये कारण असलंच वर्तन असायला लागतं आणि जप्तीआधी तुम्हाला म्हणणं मांडू द्यायला लागतं. ऑर्डरमध्ये नुसतं "सेवेची आवश्यकता नाही" लिहून ग्रॅच्युइटी दाबून बसले असतील तर ग्रॅच्युइटीच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात नियंत्रक प्राधिकारी) अर्ज करा.

कोर्ट काय म्हणेल

खोटी आशा नको. सुपरवायझरला घाणेरड्या शिव्या घातल्या म्हणून बडतर्फी, आणि ती सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या केसमध्ये कायम ठेवली. उलट १९८४ मध्ये डेल्टन केबलच्या केसमध्ये शिवीगाळीसाठी नोकरी घालवणं ही फार मोठी शिक्षा म्हणून माणूस परत घेतला. फरक कुठे पडतो? आधीचा रेकॉर्ड स्वच्छ आहे का, कोणी चिथावलं, हत्यार होतं का, आणि दुसऱ्याला काय शिक्षा झाली. माझ्या सुपरवायझरला फक्त वॉर्निंग मिळाली होती आणि मला दार, ही तफावत वकिलाने तीन वेळा वाचून दाखवली. तुमच्या भांडणातल्या दुसऱ्याचं काय झालं ते नक्की शोधून काढा.

मागच्या पगाराबद्दल २०१३ चा दिपाली सुरवसे निकाल आपल्याच महाराष्ट्रातल्या शिक्षिकेचा आहे, बेकायदा काढलं असेल तर पूर्ण मागचा पगार हा सर्वसाधारण नियम असं त्यात म्हटलंय. पण तुम्हाला शपथेवर सांगावं लागतं की मधल्या काळात कुठे कमाई नव्हती. रिक्षा चालवली, डिलिव्हरी केली तर लपवू नका, त्याने केस मरत नाही, फक्त रक्कम कमी होते. लपवलेलं यूपीआय स्टेटमेंटमध्ये निघतं तेव्हा मात्र सगळंच हलतं.

सेटलमेंट

बऱ्याच केसेस निकालापर्यंत जात नाहीत, कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर मिटतात. माझी पण तशीच मिटली, दुसऱ्या वर्षी. पैशाचा आकडा ठरल्यावर माणूस सैल पडतो आणि मसुदा न वाचता सही करतो, तेवढं करू नका. टर्मिनेशन ऑर्डर मागे घेतली असं वाक्य हवं, ग्रॅच्युइटी आणि बोनसचा आकडा वेगळा लिहिलेला हवा, सर्व्हिस सर्टिफिकेट कधी देणार त्याची तारीख हवी, पोलिसातल्या एनसीबद्दल दोघांनी काय करायचं ते हवं, आणि चेक सही करायच्या आधी हातात.

माझ्या मसुद्यात पहिल्या खेपेला "मारहाणीच्या घटनेनंतर" असं घातलं होतं. वकील बाई म्हणाल्या जाऊ दे, पैसे येतायत ना. मी म्हटलं नाही मॅडम, पेन द्या. "बाचाबाची" लिहून घेतलं, कंपनीच्या माणसाने बाजूला छोटी सही केली, आणि मग मी माझी.